दोरीताईंचं अक्षर

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे तिला दोरीच म्हणत. वय वाढलं तशी दोरीताई. कारण साधं होतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या तिने वेल्डिंगने जोडल्या, की त्या जोडावर खुशाल दोरी ताणून बघावी, केसाइतकाही फरक सापडायचा नाही. आठवीनंतर शाळा सुटली तेव्हा खिडक्यांचे गज आणि लोखंडी जिने बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती झाडू मारायला लागली होती. एकोणिसाव्या वर्षी तिथल्या फोरमनकाकांनी तिच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला आणि म्हणाले, "बघ जमतंय का. नाही जमलं तर झाडू आहेच." झाडू पुन्हा हातात घ्यायची वेळ आली नाही. चोवीस वर्षं ती ठिणग्यांत उभी राहिली आणि तिच्या हाताखालून गेलेला एकही जिना परत आला नाही.

एवढ्या सरळ हाताच्या बाईचं अक्षर मात्र असं होतं, की कुत्र्याचे पाय मांजराला लावावेत आणि मग दोघांना पळवावं. वाचायची ती भरपूर. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून काढायची. लिहायची वेळ आली की मात्र घाम फुटायचा. कारखान्यात लिहावं लागत नव्हतं, सही केली की भागायचं. पंचाईत व्हायची ती घरी, किराण्याच्या यादीच्या वेळी. कारण यादी आधी सासूबाईंच्या हातात पडायची, आणि सासूबाई म्हणजे एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या बाई.

"अगं, हे 'सारवर' काय आहे?" त्या यादी डोळ्यांपासून लांब धरून विचारायच्या. "कुठल्या झाडाला लागतं?"

"साखर आहे ते, आई."

"असं होय! मला वाटलं नवीन काहीतरी आलंय बाजारात." मग यादी घडी घालून ठेवत म्हणायच्या, "तू काही अक्षरशत्रू नाहीस गं. अक्षरंच तुला शत्रू समजतात."

दोरी हसायची. एकवीस वर्षांच्या संसारात टोमणे अंगवळणी पडले होते आणि हा टोमणा तर खराच होता.

मग एक दिवस कारखान्यात जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण शाळेचे प्राचार्य आले. शाळेच्या गच्चीला कठडा बसवायचा होता, त्याचा तयार भाग बघायला आले होते. त्यांनी एका जोडावरून अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"हे कुणी केलं?"

फोरमनकाकांनी हनुवटीने दोरीकडे खूण केली.

"आमचे वेल्डिंगचे शिक्षक निवृत्त झालेत," प्राचार्य तिला म्हणाले. "शिकवायला याल का?"

"साहेब, मी आठवी झालेय."

"पुस्तक वाचून दाखवणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला जोड लावून दाखवणारं माणूस हवंय."

वर्षभर तात्पुरतं काम, नीट जमलं तर पुढे कायम, असं ठरलं. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका जोरात हसला, की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. "म्हणजे घरात आता दोन-दोन मास्तरणी! मी आपला ट्रकमध्येच बरा!" सासूबाईंनीही मान डोलावली. "चांगलं शिकवशील तू. हाताला धरून शिकवशील." आणि मग राहवलं नाही म्हणून जोडलं, "फळ्यावर तेवढं लिहू नकोस."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा शब्द खरा ठरला.

वर्गात छत्तीस जण होते, मुलं आणि मुली. पहिलं मोठं काम म्हणून पुढच्या आणि मागच्या बाकांवरच्या दोघादोघांनी मिळून एक लोखंडी चौकट करायची होती. दोघांनी आपापल्या पट्ट्या कापायच्या आणि मग एकत्र जोडायच्या. दोरीने फळ्यावर माप लिहिलं, बाजू १३० मिलिमीटर, आणि लगबगीने यंत्रांकडे वळली. ते लगबगीने लिहिणंच नडलं. तिच्या ३ चं दुसरं पोट कुठे दिसलंच नाही. पुढच्या बाकांवरच्यांनी १३० वाचलं, मागच्यांनी १२०. दीड तासाने जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी वाकडीतिकडी चौकट घेऊन समोर उभी राहिली.

"मॅडम, माझी बाजू याच्या बाजूला भेटतच नाहीये."

दोरीने काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. मग दुसऱ्या जोडीची चौकट बघितली, मग तिसऱ्या. मग फळ्याकडे बघितलं. कापड आखूड झालं तर ठिगळ लावता येतं. कापलेलं लोखंड काही परत वाढत नाही. अर्ध्या वर्गाच्या पट्ट्या भंगारात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात आली तर फळ्यावर कोंबडी काढलेली. पाय शाईने भरलेले, मागे पावलांची रांग, आणि खाली लिहिलेलं, 'मॅडमचं पेन'. चित्र झकास होतं, तेच तिला जास्त लागलं. वर्गात सगळे खाली बघत होते, खांदे मात्र हलत होते. तिने डस्टर उचललं आणि फळा पुसला.

प्राचार्यांनी तिला बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं तिला वाटून गेलं.

"वेल्डिंगमध्ये तुमचा हात धरणारं या शाळेत कुणी नाही," ते म्हणाले. "पण फळ्यावर यापुढे ड्रॉइंगचे सर लिहून देतील. तुम्ही फक्त प्रात्यक्षिक घ्या. कायम करण्याचं वर्षअखेरीस बघू."

म्हणजे शिक्षिका असून फळ्याला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून ड्रॉइंगचे सर रोज सकाळी येऊन तिच्या वर्गाच्या फळ्यावर मापं लिहून जायचे, खडूची पूड झटकत, जणू एखाद्या लहान पोरीची वेणी घालून देत होते. माणूस वाईट नव्हता, पण जाताना दरवेळी म्हणायचा, "काही लागलं तर सांगा हं, लिहायचं." तिची कानशिलं तापायची.

चार दिवस तिने हे सोसलं. पाचव्या दिवशी येताना एक दुरेघी वही आणि दोन पेन्सिली घेऊन आली. दुपार उतरली होती. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांचा उजवा हात गेला होता. तो मांडीवर ठेवला तिथेच पडून असायचा. तेव्हापासून त्यांनी पेन्सिलीला हात लावला नव्हता. औषधाच्या चिठ्ठीवर सही करायची तरी अंगठा पुढे करायच्या आणि तोंड फिरवून घ्यायच्या.

दोरीने वही त्यांच्यासमोर ठेवली. "आई, मला लिहायला शिकवा."

सासूबाईंना वाटलं, थट्टा करतेय. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. दोरीने सगळं सांगितलं, कोंबडीसकट.

"मी काय शिकवणार?" सासूबाई उजव्या हाताकडे बघत म्हणाल्या. "कित्ता कोण घालून देणार तुला? हा?"

"तुम्ही तोंडाने सांगा. मी ऐकते."

"एकवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस हे," सासूबाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने वही जवळ ओढली. "बस. आणि आधी पाठ सरळ कर. वाकून लिहिलं की अक्षरही वाकतं."

असा त्रेचाळिसाव्या वर्षी तिने श्रीगणेशा केला. रोज पहाटे साडेपाचला चहाचे दोन कप, मधे वही. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग गोल. सासूबाईंच्या डाव्या हातात लाकडी पट्टी असायची आणि ती टेबलावर टकटक वाजायची. "घाई नको! कुणी मागे लागलंय का?" दोरी दातओठ खाऊन गिरवायची. पेन्सिल इतकी दाबायची, की टोकं मोडायची, आणि अक्षरं खालच्या तीन पानांवर उमटायची. अर्ध्या तासात अंगठा दुखायला लागायचा. दोरी, जी चार-चार तास होल्डर धरून उभी राहायची, तिचा हात एका पेन्सिलीने भरून यायचा!

महिना झाला. वह्या भरल्या. अक्षर होतं तिथेच होतं. फार तर कुत्रा आणि मांजर आता जरा हळू पळत होते.

"होणार नाही हे माझ्याच्याने," एक दिवस ती पेन्सिल टाकून म्हणाली. "निबर झालाय हात. लोखंडाचा झालाय."

सासूबाईंनी डाव्या हाताने वही मिटली. मग म्हणाल्या, "मला तुझं काम बघायचंय."

"कसलं काम?"

"तुझं. इतकी वर्षं लोक सांगतात, तुमची सून असा जोड लावते आणि तसा जोड लावते. मी एकदाही बघितलेलं नाही. उद्या घेऊन चल."

सासूबाईंना आवाज सहन व्हायचा नाही, धूर सोसायचा नाही, जिना चढवायचा नाही. तरी त्या आल्या. शाळेच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडद्याआड त्यांना स्टूल दिलं, हातात काळी काच दिली, आणि दोरीने तोंडावर मुखवटा ओढून काम सुरू केलं. एक पट्टी, दुसरी पट्टी, मधे फट. निळा प्रकाश पेटला. सासूबाईंनी काच डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्यांदाच बघितलं, की आपली सून रोज बाहेर जाऊन काय करते. काळोखात एक लखलखता ठिपका सरकत होता. ना थांबत, ना धावत. त्याच्यामागे वितळलेल्या लोखंडाची रेघ एकसारखी उमटत होती, जणू कुणी सावकाश ओळ लिहीत होतं.

प्रकाश विझला. दोरीने हातोडीने वरची खपली झाडली. खाली चकचकीत जोड. ती सासूबाईंजवळ आली तर त्या चिडलेल्या दिसल्या.

"अगं, हा हात तू घरी का आणत नाहीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मी बघत होते. तुझी बोटं हललीच नाहीत. सगळा हात खांद्यापासून सरकत होता. घरी मात्र सगळं काम त्या बिचाऱ्या तीन बोटांना लावतेस. आणि सुरू करायच्या आधी तू काय केलंस?"

दोरीला आठवेना. कामाच्या सवयी कुणाला आठवतात!

"आधी इथून तिथपर्यंत नुसता हात फिरवून बघितलास. न पेटवता. कुठे जायचंय ते ठरवलंस आणि मग निघालीस. घरी तू पेन्सिल टेकवतेस आणि मग विचार करतेस, आता कुठे जाऊ! बरं, मला सांग, तुझ्या हातातली ती वितळणारी सळी तू लोखंडावर दाबून धरलीस तर काय होईल?"

"चिकटून बसेल, आई. जोड बिघडेल."

"मग पेन्सिल कशाला दाबतेस?"

सुरक्षेची टोपी घातलेली एक मुलगी पलीकडे थांबून ऐकत होती, ती खुदकन हसली. दोरीलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, धुराने असेल.

दुसऱ्या पहाटेपासून सगळी शिकवणी बदलली. सासूबाईंनी दुरेघी वही बाजूला सारली. "पुढचं काम मोठ्या फळ्यावर," त्या म्हणाल्या. दोरीने जुन्या कारखान्यातून पत्र्याचा एक तुकडा आणला, त्याला काळा रंग दिला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उभा केला. खडू मुठीत नाही, बोटांच्या टोकांवर. श्वास घ्यायचा, हात हवेत एकदा फिरवायचा, मग खांद्यापासून सोडायचा.

"आणि आणखी एक," सासूबाई म्हणाल्या. "पहिलीच्या मुलांना मी आधी अक्षर काढायला सांगायचे, डोक्यावरची रेघ मागून. तुला उलटं सांगते. तू जिने बांधणारी बाई. आधी तुळई बसव, मग वजनं टांग."

दोरीने पत्र्यावर डावीकडून उजवीकडे एक लांब आडवी रेघ ओढली. सरळ. तिच्या जोडासारखी. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर टांगलं, क, म, ल, प, सगळ्यांमध्ये सारखं अंतर, कारण अंतर नजरेने मोजणं तिच्या हातचा मळ होता. ती चार पावलं मागे गेली. काळ्या पत्र्यावर एक ओळ होती. कुणालाही वाचता येईल अशी.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे मी लिहिलंय."

"क चं पोट सुटलंय थोडं," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी चहा गार होऊ दिला होता.

मग आकड्यांचा नंबर लागला. आकड्यांवर सासूबाई तुटून पडल्या. "२ ला एक पोट, ३ ला दोन. दुसऱ्याला उपाशी ठेवू नकोस. ९ ची गाठ बंद कर, नाहीतर लोक १ समजतील. ५ ला कंबर आहे, तिथे वळ." रोज शंभर आकडे. दोरी बसमध्येही मांडीवर बोटाने आकडे काढायची. शेजारची बाई सरकून बसायची.

ळ काही केल्या जमत नव्हता. तोंडाने सांगून सांगून सासूबाई थकल्या. एक दिवस वैतागून उठल्या, डाव्या हाताने खडू घेतला आणि पत्र्यावर स्वतः ळ काढला. वाकडा, थरथरता, पण ळ. सासूबाई मागे सरकून म्हणाल्या, "पहिलीतल्या पोराने काढला असता तर पाठ थोपटली असती मी त्याची." दोरीने खरंच त्यांची पाठ थोपटली. त्या दिवसापासून पत्र्याचे दोन भाग झाले, डावा सासूचा आणि उजवा सुनेचा. नवरा ट्रकवरून घरी आला, तर पहाटे स्वयंपाकघरात दोन बायका भिंतीकडे तोंड करून अक्षरं काढताहेत आणि चहाचा पत्ता नाही! त्याने मुकाट्याने स्वतःच चहा टाकला.

शाळेत आधी कळलं ते मुलांना. दोरी त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांत शेरे लिहायची. पूर्वी 'ठीक' एवढाच, तोही अंदाजाने वाचावा लागे. आता दोन-दोन ओळी येऊ लागल्या. 'जोडाची सुरुवात छान, शेवटी घाई केलीस.' चष्मेवाली वही घेऊन आली.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंय की कुणाकडून लिहून घेतलंय?"

"तुझ्यासमोर लिहून दाखवू?"

दाखवलं. मुलीने वही सगळ्या वर्गात फिरवली. प्राचार्यांच्या कानावर मात्र हे गेलं नसावं, किंवा गेलं तरी पट्ट्यांचा तो ढीग त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नसावा. फळ्याचं काय, असं तिने दोनदा विचारलं. "बघू," ते म्हणाले. दुसऱ्यांदाही "बघू"च. ड्रॉइंगचे सर रोज येऊन लिहीत राहिले.

आणि मग वार्षिक परीक्षेचा दिवस आला.

सकाळी आठला छत्तीस जण आपापल्या टेबलाशी उभे. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या मिशांचे, करड्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी सर्वांसमोर पाकिटाचं सील फोडलं. वरची एक प्रत वेल्डिंगची निघाली. खालच्या पस्तीस प्रती नळजोडणीच्या.

शाळेचं झेरॉक्स मशीन आठवड्यापासून दुरुस्तीला गेलेलं. पेपर बाहेरच्या दुकानात न्यायचा तर नियमात बसत नव्हतं. एकदा सील फोडलं की कागद परीक्षेच्या जागेबाहेर जाता कामा नये. ड्रॉइंगचे सर दुसऱ्या गावच्या केंद्रावर परीक्षक म्हणून गेले होते.

"परीक्षा पुढे ढकलावी लागेल," परीक्षक म्हणाले. "नवीन तारीख दोन महिन्यांनी मिळेल."

दोन महिने! वर्गातल्या निम्म्या जणांना पुढच्या आठवड्यात कामावर रुजू व्हायचं होतं. प्रमाणपत्राशिवाय त्यांना कोण उभं करणार होतं? एका मुलाने हातमोजे काढून टेबलावर टाकले.

"मी फळ्यावर लिहिते," दोरी म्हणाली.

प्राचार्यांचा चेहरा पडला. परीक्षकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "मॅडम, दोन पानांचा पेपर आहे. आकृत्या आहेत, वीसेक मापं आहेत. एक आकडा चुकीचा वाचला गेला, तर छत्तीस जणांचं वर्ष जाईल. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब. या शाळेत माझ्याइतकं कुणालाच कळत नसेल."

परीक्षकांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, मुलांकडे एक नजर टाकली, मग तिच्याकडे. काय दिसलं त्यांना कोण जाणे. "लिहू द्या," ते म्हणाले.

भिंतीवर तीन फळे होते. दोरीने ओल्या फडक्याने तिन्ही पुसले आणि वाळू दिले. घाई केली नाही. कागद आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, कुठल्या फळ्यावर काय बसेल ते मनात आखलं. मग खडू उचलला. हात हवेत एकदा फिरवला. मागे छत्तीस जणांचे श्वास तिला ऐकू येत होते. पहिल्या क्षणी बोटं खडूवर आवळली गेली. तिला ते कळलं, तिने ती सैल केली आणि रेघ सोडली.

फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग अक्षरं येत गेली. साहित्य. वेळ. सूचना. पट्टी पहिली, लांबी २३२. पट्टी दुसरी, लांबी १९५. दुसऱ्या फळ्यावर आकृती. तिथे तर ती आपल्या घरीच होती. कडा सरळ, कोन गुण्यासारखे, प्रत्येक बाणाच्या टोकाशी माप. तिसऱ्या फळ्यावर जोडांचे प्रकार आणि गुण. खडू संपला की नवा घ्यायची. एकदाही डस्टर उचलावं लागलं नाही. सव्वीस मिनिटं लागली. शेवटची ओळ संपवून ती वळली, तेव्हा तिच्या बाह्या खांद्यापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

परीक्षक वर्कशॉपच्या पार टोकाला गेले, शेवटच्या टेबलामागे उभे राहिले आणि हातातल्या कागदाशी ओळन् ओळ ताडून मोठ्याने वाचू लागले. दोनशे बत्तीस. एकशे पंचाण्णव. चाळीस. कुठे अडखळले नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला.

"कुणाला काही दिसत नाहीये? काही विचारायचंय?"

एकही हात वर झाला नाही.

"मग उभे काय राहिलात? सुरू करा!"

छत्तीस ठिकाणी काम सुरू झालं. घासण्याचा, कापण्याचा, ठोकण्याचा तो गदारोळ दोरीला इतका गोड कधी वाटला नव्हता. प्राचार्य तिच्याजवळ येऊन उभे राहिले. बोलायचं काहीतरी होतं त्यांना, पण आवाजात ऐकू जाणार नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या रुमालाने तिच्या बाहीवरचा खडू झटकला आणि निघून गेले.

दुपारी परीक्षकांनी छत्तीस नग मोजपट्टीने तपासले. दोघांचे जोड कच्चे निघाले. एकाचा तर टेबलावर आपटताच सुटला. पण माप वाचण्यात चुकलेला एकही नग नव्हता. परीक्षकांनी पेन खिशाला लावलं आणि विचारलं, "मॅडम, अक्षराचं शिक्षण कुठे घेतलंत? असं अक्षर आता बघायला मिळत नाही."

"घरी, साहेब. पहिलीच्या बाईंकडे."

त्यांना काही कळलं नाही, पण मुलांना कळलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. हातमोजे घातलेल्या हातांच्या टाळ्या म्हणजे धपधप असा आवाज. तरी पलीकडच्या वर्गातले लोक काय झालं म्हणून दारात आले. दोरीला कुठे बघावं कळेना. ती उगाच खडूचे तुकडे गोळा करत राहिली. आणि मग तिने मान वर केली आणि मनसोक्त हसली, आठवीत शाळा सुटलेली बाई, तीन भरलेल्या फळ्यांपुढे.

चष्मेवालीने फळ्यांचे फोटो काढून दिले होते. घरी सासूबाईंनी ते डाव्या हाताच्या बोटांनी मोठे करकरून बघितले. किती ओळी, किती वेळ, पहिला शब्द कुठला, सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. मग फोन जवळ घेतला आणि संध्याकाळ होईपर्यंत आपल्या जुन्या सहकारी शिक्षिकांना एकेक करून लावला. "अगं, माझी सून... नाही नाही, मी नुसतं तोंडाने सांगितलं, हात तिचाच." इतकी वर्षं सुनेचं कौतुक करायचं साठवून ठेवलं होतं की काय, ते एका दिवसात सगळं बाहेर पडलं. दोरी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती आणि कांदा चिरत नव्हती तरी नाक ओढत होती.

पंधरा दिवसांनी ती कायम झाल्याचं पत्र आलं. पण त्याहून मोठी गोष्ट नव्या वर्षी झाली. प्राचार्यांनी वेळापत्रकात आठवड्याला एक नवा तास घातला: मापं आणि आकडे स्वच्छ लिहिणं. फक्त वेल्डिंगवाल्यांना नाही. सुतारकाम, नळजोडणी, विजेचं काम, सगळ्यांना. समोर शिक्षिकेचं नाव दोरीचं.

पहिल्या तासाला एकशे दहा जण बसले होते, काही उभे होते. मागच्या भिंतीशी ड्रॉइंगचे सर येऊन बसले. हातात कोरी वही.

"सर, तुम्ही?" दोरीने विचारलं.

"माझा ७ कुणालाच कळत नाही, मॅडम," ते ओशाळून म्हणाले. "बघा काही करता येतंय का."

"मग पाठ सरळ करा, सर," दोरी म्हणाली, आणि शिकवायला लागली.